यामामोतो १९०५ ते १९४१ मधली ३६ वर्षं नक्की करत काय होता?

चहाबाज:

रविवारी घरी पर्ल हार्बरवरची एक डॉक्युमेंटरी लावली होती, बाबा शेजारी बसलेले पण अर्धं लक्ष पेपरात. तर निवेदक सांगतो की इसोरोकु यामामोतो १९०५ ला रशियाविरुद्धच्या त्सुशिमाच्या लढाईत जखमी झाला, डाव्या हाताची दोन बोटं गेली (आई आतून, "कुणाच्या बोटी बुडाल्या रे?") आणि पुढच्याच वाक्यात डायरेक्ट १९४१, हा माणूस अख्ख्या जपानी आरमाराचा सरसेनापती. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "मधे ३६ वर्षं काय करत होता हा? नुसता पगार घेत होता?"

हसलो, पण मला काही सांगता येईना. नेटवर त्याच्या नेमणुकांची यादी सापडते, अमुक साली इथे तमुक साली तिथे, पण ती वाचून डोक्यात काही चित्र उभं राहत नाही. माझा प्रश्न साधा आहे, लढाईच नाही तर नौदलातला माणूस वर चढतो कशाच्या जोरावर? आणि दुसरं म्हणजे हा अमेरिकेशी युद्ध नको म्हणणाऱ्यांपैकी होता असंही वाचलंय, मग नेमकं त्यालाच तिथे का बसवलं? जाणकारांनी उजेड पाडा. बाबा रोज विचारतायत.

दर्यावर्दी_निवृत्त:

बाबांचा प्रश्न एकदम बरोबर आहे, आमच्या वॉर्डरूममधे पण यावर वाद झालेत. मी २२ वर्षं नेव्हीत काढली आणि एकही गोळी रागाने झाडली नाही, तरी प्रमोशन मिळालीच की. शांततेच्या काळात कोर्स, स्टाफची पोस्टिंग, वरच्यांचं मत आणि मधे मधे सी टाइम (म्हणजे जहाजावर काढलेला काळ), यावरच सगळं चालतं. यामामोतोचंही तेच, फक्त त्याचा सी टाइम बघाल तर चाट पडाल. १९२४ ते १९३९ ही पंधरा वर्षं धरा. त्यात इसुझु नावाच्या क्रूझरवर काही महिने, मग अकागी या विमानवाहू जहाजाचा कॅप्टन म्हणून वर्षाच्या आतबाहेर, आणि १९३३-३४ ला कॅरिअर डिव्हिजनचा, म्हणजे विमानवाहू जहाजांच्या तुकडीचा, प्रमुख म्हणून पुन्हा काही महिने. सगळं मिळून जेमतेम दोन वर्षं. बाकी सगळं जमिनीवर.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो स्टाफ कॉलेजात शिकत होता. मग १९१९ ला अमेरिकेला, हार्वर्डला. नाव अभ्यासाचं पण गड्याचं लक्ष तेलावर. विहिरी, रिफायनऱ्या, सुट्टीत मेक्सिकोपर्यंत जाऊन बघून आला. जपानकडे स्वतःचं तेल जवळपास नाहीच, तीसच्या दशकाच्या शेवटी सुद्धा साधारण ८० टक्के तेल अमेरिकेतून यायचं. आपल्याला तेल विकणाऱ्यालाच अंगावर घ्यायचं तर काय होईल, हे गणित तो १९२० पासून मनात मांडत होता.

आता माझ्या मते खरा टर्न. १९२४ ला वय ४०, कर्नलच्या बरोबरीचा हुद्दा, शिक्षण सगळं तोफखान्याचं, आणि हा जाऊन बसला कासुमिगाउरा इथल्या विमान प्रशिक्षण तळावर, थोड्याच दिवसांत तिथला एक्झिक्युटिव्ह ऑफिसर. नेव्हीतल्या माणसाला विचारा, चाळिशीत ब्रँच बदलणं म्हणजे काय. तेव्हा ज्याला मोठं व्हायचं तो बॅटलशिपच्या तोफांना चिकटून राहायचा, विमानवाले म्हणजे उडाणटप्पू. (शब्दशः.) तळावरची पोरं केस वाढवून हिंडायची, यानं आल्या आल्या सगळ्यांना केस कापायला लावले असं सांगतात. पोरं वैतागली असणार की हा तोफावाला आपल्याला काय शिकवणार. मग हा स्वतः त्या वयात विमान चालवायला शिकला. कसरती करणारा एखादा हिरो पायलट त्याला नको होता, रात्री आणि ढगात सुद्धा नुसत्या काट्यांकडे बघून विमान नेतील असे शंभर साधे पायलट हवे होते. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण समुद्रावर उडताना खाली ना रस्ता ना देऊळ ना नदी, काट्यांवर विश्वास नसेल तर पोरगं परत येत नाही.

पुढे १९३० च्या शेवटी तो नौदलाच्या विमान खात्याच्या तांत्रिक विभागाचा प्रमुख झाला. तोपर्यंत जपानी विमानं म्हणजे बरीचशी ब्रिटिश आणि इतर परदेशी डिझाइनवर. १९२१ ला ब्रिटिशांचं सेंपिल मिशन येऊन याच कासुमिगाउराला शिकवून गेलेलं. यानं आणि त्याच्या वरिष्ठांनी लावून धरलं की डिझाइन आपलं, इंजिन आपलं, आणि बॉडी लाकूड-कापडाची नको, धातूची हवी. १९३२ पासून तसे स्पेसिफिकेशन कंपन्यांना जायला लागले, पहिल्या वर्षीची विमानं फसली, फसली तर फसली म्हणून पुढचा राउंड काढला, आणि त्या राउंडमधून निघालं मित्सुबिशीचं ९६ नंबरचं फायटर आणि त्याच नंबरचं दोन इंजिनांचं बॉम्बर. ज्या झीरो या लढाऊ विमानाचं एवढं नाव होतं ती त्या फायटरची धाकटी बहीण.

थोडक्यात बाबांना सांगा, पगार घेत होता पण टेबलावर बसून पुढचं युद्ध कशानं लढलं जाणार ते ठरवत होता.

तोक्यो_वारी:

वरचा प्रतिसाद मस्त, वाचनखूण साठवली. मी पुण्यात जपानी शिकले, आता काही वर्षं तोक्योजवळ राहते, त्यामुळे थोडी भर घालते. नावापासून सुरू करते कारण ते फार गोड आहे. इसोरोकु म्हणजे जुन्या पद्धतीनं वाचलेला आकडा ५६. हा जन्मला तेव्हा (१८८४) वडलांचं वय ५६, म्हणून पोराचं नाव छप्पन्न. आडनाव मुळात ताकानो. यामामोतो हे दत्तक घराणं, १९१६ ला तो त्या घरात दत्तक गेला तेव्हा तिशी ओलांडलेली. आपल्याकडे संस्थानिक वारस नसला की दत्तक घ्यायचे ना, तसंच, घराण्याचं नाव बुडू नये म्हणून. दोन्ही घराणी नागाओकाची, आणि नागाओका १८६८ च्या यादवीत हरलेल्या बाजूला होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण नंतरच्या सरकारात वट जिंकलेल्यांची, त्यातही आरमारात सात्सुमा या जिंकलेल्या प्रांतवाल्यांची. हरलेल्या गावच्या पोरानं नेव्हीत वर जायचं म्हणजे परीक्षेत नंबर काढूनच.

बोटांचा किस्सा: तो निश्शिन या क्रूझरवर होता. रशियन गोळा लागला की स्वतःच्याच जहाजाची तोफ फुटली यावर अजून वाद आहे. गेइशा बायका त्याला "८० सेन" म्हणायच्या, कारण नखं करून द्यायचा दर दहा बोटांना एक येन, म्हणजे बोटाला दहा सेन, आणि याची बोटं आठच! दारू जवळजवळ शून्य पण जुगार मात्र कुठलाही, पोकर, ब्रिज, शोगी (जपानी बुद्धिबळ), समोर माणूस बसला की पैज. आणि जहाजाच्या कठड्यावर हातांवर उलटा उभा राहून दाखवायचा. असा माणूस १९२६ ते २८ वॉशिंग्टनला नेव्हल अताशे, म्हणजे वकिलातीतला नौदलाचा प्रतिनिधी, म्हणून होता, अमेरिकन ऑफिसरांशी पत्ते खेळत.

आता दुसरा प्रश्न, त्यालाच का बसवलं. त्यासाठी करार समजून घ्यावे लागतील. १९२२ च्या वॉशिंग्टन करारात मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ठरलं, अमेरिका ५, ब्रिटन ५, जपान ३. टनांत म्हणायचं तर ५,२५,००० ला ३,१५,०००. यावरून जपानी आरमाराची सरळ दोन शकलं झाली. एक गट म्हणायचा ठीक आहे, कारण करार नसता तर अमेरिकेनं आपल्या एकीला दहा बांधल्या असत्या आणि आपण दिवाळखोर झालो असतो. दुसरा गट म्हणायचा हा अपमान आहे. (गंमत म्हणजे अकागी सुद्धा या करारामुळेच झालं. बॅटलक्रूझर म्हणून बांधायला घेतलेलं, करारात बसेना म्हणून वर धावपट्टी चढवली. तिची जुळी बहीण आमागी पण तशीच होणार होती, पण १९२३ च्या भूकंपात गोदीतच तिची वाट लागली, मग तिच्या जागी कागा.)

१९३० ला लंडनला दुसरा करार झाला आणि मग घरात रक्त सांडायला लागलं. पंतप्रधान हामागुचींना त्याच वर्षी नोव्हेंबरात तोक्यो स्टेशनवर गोळी घातली, पुढच्या वर्षी ते गेले. १९३२ ला नौदलाच्या तरुण ऑफिसरांनी पंतप्रधान इनुकाईंना त्यांच्या घरात घुसून मारलं. १९३६ च्या फेब्रुवारीत लष्करी बंडात माजी अ‍ॅडमिरल साइतो मारले गेले आणि अ‍ॅडमिरल सुझुकी गोळ्या खाऊन कसेबसे वाचले. आणि त्याच डिसेंबरात यामामोतो नौदल खात्याचा उपमंत्री झाला. म्हणजे मवाळ अ‍ॅडमिरलांवर दारात येऊन गोळ्या झाडल्या जात होत्या तेव्हा तो मंत्रालयात बसला.

त्याच्यावर मंत्री योनाई, हाताखाली इनोउए, तिघं मिळून जर्मनीशी लष्करी युतीला नको म्हणत राहिले. पत्रं यायची, धमक्या यायच्या, कारण लष्कराला ती युती हवीच होती. ३१ मे १९३९ ला त्यानं एक कागद लिहून ऑफिसच्या तिजोरीत ठेवला, एक प्रकारचं मृत्युपत्रच, तो गेल्यावर सापडलं. दुपारच्या जेवणाला घरी जाताना कुणी रस्त्यात गाठेल असं वाटणाऱ्या माणसाचा तो कागद आहे. तीन महिन्यांनी, ३० ऑगस्टला, योनाईनं त्याला कंबाइंड फ्लीटचा, म्हणजे समुद्रावरच्या मुख्य आरमाराचा, प्रमुख करून समुद्रावर पाठवलं, कारण जमिनीवर राहिला असता तर कुणीतरी मारला असता. दोन दिवसांत जर्मनी पोलंडमधे घुसला. तर चहाबाज, त्याला तिथे लढायला बसवलं असं नाही, आधी जीव वाचवायला बसवलं. आणि मग युद्ध आलं तेव्हा तोच खुर्चीत होता.

चहाबाज:

बाप रे. म्हणजे अ‍ॅडमिरलला सुरक्षित ठेवायचं म्हणून युद्धनौकेवर पाठवायचं! हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले "आमच्याकडे साहेबांना वाचवायचं असेल तर नंदुरबारला पाठवायचे." नंदुरबारकरांनी हलकं घ्या.

खडूस_आजोबा:

सगळे फार प्रेमात पडलेत म्हणून थोडं मीठ टाकतो. हा शांततावादी वगैरे अजिबात नव्हता. १९३० ला लंडनला जे शिष्टमंडळ गेलं त्यात हा सल्लागार होता आणि तिथे तो तडजोडीच्या बाजूने नव्हता, तर जपानला मोठ्या क्रूझर अमेरिकेच्या ७० टक्के मिळाल्याच पाहिजेत म्हणणाऱ्या कडक लोकांत होता. शेवटी एकूण प्रमाण ६९.७५ पडलं, पाणबुड्या बरोबरीने मिळाल्या, फक्त मोठ्या क्रूझरमधे साठच्या आसपास अडकलं, आणि एवढ्यावरून पुढचा सगळा तमाशा. नंतर १९३४ च्या लंडनच्या बोलण्यांत तर हाच प्रमुख होता आणि मागणी काय घेऊन गेला, तर प्रमाणबिमाण काही नको, सगळ्यांना एकच वरची मर्यादा. समोरचे हो म्हणणार नाहीत हे शेंबड्या पोराला कळत होतं. डिसेंबरअखेर जपाननं वॉशिंग्टन करारातून बाहेर पडत असल्याची नोटीस दिली. तो तिथे तोक्योहून आलेला आदेश वाचत होता हे मान्य, मनातून त्याला करार मोडायला नको होता हेही मान्य, आणि तो लंडनला असतानाच इकडे त्याचा जिवलग दोस्त होरी याला मवाळ म्हणून सक्तीने घरी बसवलं आणि याला एवढं लागलं की नोकरी सोडायचं मनात आलं, हेही मान्य. पण सोडली का? नाही.

आणि ते ९६ नंबरचं बॉम्बर, ज्याचं वर दर्यावर्दींनी कौतुक केलंय. ऑगस्ट १९३७ ला तीच विमानं तैवान आणि क्यूशूवरून समुद्र ओलांडून चीनवर बाँब टाकायला गेली. जगात तोपर्यंत एवढ्या लांबून असं कुणी केलं नव्हतं म्हणून विमानवाल्यांना आजही त्याचं अप्रूप. ३ आणि ४ मे १९३९ ला चुंगकिंग या चिनी शहरावर नौदलाच्याच विमानांनी बाँब टाकले, हजारो माणसं मेली, सगळी साधी बाजारातली घरातली. तेव्हा उपमंत्री कोण होता? ते मृत्युपत्र लिहिलं त्याच महिन्यातली ही गोष्ट आहे, एवढं तोक्यो_वारी ताईंनी लक्षात ठेवावं.

डिसेंबर १९३७ ला अमेरिकेची पनाय ही गनबोट जपानी नौदलाच्या विमानांनी चीनमधल्या यांगत्से नदीवर बुडवली, तेव्हा यानं लगेच अमेरिकन राजदूताकडे दिलगिरी व्यक्त केली, बावीस लाख डॉलरच्या वर भरपाई गेली. चिन्यांसाठी मात्र चेक निघाला नाही.

दर्यावर्दी_निवृत्त:

आजोबा, चीनबद्दल तुमचं म्हणणं खोडता येणार नाही, मी मशीनच्या बाजूनं बोलत होतो. पण एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा धरा. १९३५ च्या शेवटी तो विमान खात्याचा प्रमुख झाला तेव्हा यामातो बांधायचं घाटत होतं, ४६ सेंटिमीटरच्या तोफा, जगातली सगळ्यात मोठी बॅटलशिप. हा उघड विरोधात. म्हणायचा या पैशात विमानं आणि कॅरिअर करा. अ‍ॅडमिरल राजपुत्र फुशिमी जनरल स्टाफचे प्रमुख, म्हणजे थेट राजघराणं, त्यांच्यासमोर कोण बोलणार. हरला. नोव्हेंबर १९३७ ला कुरेच्या गोदीत तिचा कणा टाकला, भोवती पडदे लावून, कुणाला दिसू नये म्हणून. पुढे हाच तिच्यावर फ्लॅगशिप म्हणून राहायला गेला, हा दैवदुर्विलास. आणि १९४५ च्या एप्रिलला तिला बुडवलं कुणी, तर विमानांनीच.

माझगावकर:

अवांतर पण धाग्याला धरून. "शांततेत ऑफिसर काय करतो" याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं निघतं. ब्रिटिशांचं बघा. सप्टेंबर १९३१, मंदी, सरकारनं पगार कापले, खालच्या खलाशाचा दिवसाचा ४ शिलिंगाचा ३ झाला, आणि स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डनला आरमारानं कामाला जायला नकार दिला. तेव्हा खरा प्रमुख आजारी, तात्पुरता चार्ज रिअर अ‍ॅडमिरल टॉमकिन्सनकडे. त्यानं बंदुका न काढता दोन दिवसांत प्रकरण निपटलं. आधी शाबासकी मिळाली आणि काही महिन्यांनी त्याच्यावरच ठपका. चार्ज घेताना विचार करावा तो असा.

दुसरा ब्रिटिश अ‍ॅडमिरल रॅमसे. १९३५ ला होम फ्लीटचा (ब्रिटनच्या घरच्या आरमाराचा) चीफ ऑफ स्टाफ झाला, बॉस बॅकहाउस सगळं स्वतःच करायचा, याला काही कामच ठेवायचा नाही, चार महिन्यांत याने खुर्ची सोडली. १९३८ ला रिटायर्ड लिस्टवर. संपला म्हणावं तर १९३९ ला डोव्हरला परत बोलावलं आणि १९४० ला डंकर्कहून ३,३८,००० माणसं काढली ती यानेच. यामामोतो वरच्यांशी भांडून टिकला, हा भांडून गेला आणि परत आला.

आणि आपल्या मुंबईत तेव्हा काय? रॉयल इंडियन मरीन, जिची रॉयल इंडियन नेव्ही झाली २ ऑक्टोबर १९३४ ला. प्रमुख सगळे गोरे. डफरिन हे ट्रेनिंग शिप १९२७ पासून माझगावला उभं, आमचे आजोबा त्याच्या घंटेवर घड्याळ लावायचे असं सांगायचे (आजोबा बरंच काही सांगायचे). पहिला भारतीय ऑफिसर मुखर्जी, तो १९२८ ला घेतला, तोही इंजिनियर शाखेत. जपानचे लोक लंडनला जाऊन ६० का ७० टक्के म्हणून भांडत होते त्याच सुमारास आपल्याकडे एक भारतीय ऑफिसर घ्यायचा की नाही यावर फायली फिरत होत्या.

तोक्यो_वारी:

खडूस आजोबा, मुद्दा पोचला. मे महिन्याचं ते मी खरंच जोडून बघितलं नव्हतं.

नागाओकाला मी मागच्या वर्षी गेले होते, तोक्योहून शिनकान्सेननं दोन तासांच्या आत. गाव सुंदर आहे, भाताची शेतं, ऑगस्टच्या सुरुवातीला आतषबाजी बघायला लाखो लोक येतात, ती १ ऑगस्ट १९४५ च्या बाँबफेकीत गेलेल्यांच्या आठवणीत असते. म्हणजे बाँब खालून कसा दिसतो ते त्या गावालाही कळलं शेवटी. त्याच्या नावाचं एक छोटं संग्रहालय आहे. मधोमध विमानाचा एक पंख ठेवलाय, हिरवा रंग उडालेला, पत्रा कागद चुरगळावा तसा चुरगळलेला. एप्रिल १९४३ ला पॅसिफिकमधल्या बूगनव्हिल बेटावर अमेरिकनांनी त्याचं जे विमान पाडलं त्याचा हा डावा पंख, जंगलातून आणलेला. दोन इंजिनांचं मित्सुबिशीच, त्या ९६ नंबरवाल्याच्या पुढची पिढी. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, ते पंखाकडे न बघता पत्र्यावरचे रिव्हेट मोजत होते, ओठ हलत होते. मी बाहेर आले तरी ते तिथेच.

चहाबाज:

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री जेवताना बाबांना पूर्ण धागा मोठ्याने वाचून दाखवला. केस कापायला लावले तिथे हसले, ८० सेन वर आई हसली, चुंगकिंगला दोघं गप्प. शेवटी बाबा म्हणाले, "म्हणजे सगळी हेड ऑफिसात काढली की." मग हात धुवून आले आणि विचारतात, त्या तिजोरीतल्या कागदाचं बायकोला माहीत होतं का रे. तोक्यो_वारी, हे कुठे वाचलंयत का?